'ब्रेथलेस'च्या पलीकडची जीन सीबर्ग: फिल्म सोसायट्यांच्या संयोजकांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील फिल्म सोसायट्यांचे कार्यक्रम-संयोजक आणि रसास्वाद शिबिरांचे आयोजक यांस,

सप्रेम नमस्कार.

फ्रेंच दिग्दर्शक ज्याँ-लुक गोदारच्या 'ब्रेथलेस'शिवाय आपल्याकडचे रसास्वाद शिबिर सहसा पुरे होत नाही, आणि ते योग्यच आहे. माझे म्हणणे चित्रपटाच्या निवडीविषयी नाही. खेळाआधी प्रेक्षकांच्या हाती पडणाऱ्या परिचयपत्रकाविषयी आणि खेळानंतरच्या चर्चेविषयी आहे. त्या पत्रकात गोदारवर दोन परिच्छेद असतात, छायाचित्रकार राऊल कुतारच्या हातातल्या कॅमेऱ्यावर एक असतो, जंप कट (एकाच दृश्यातला मधला तुकडा कापून घेतलेली उडी) म्हणजे काय ते समजावलेले असते, आणि नायक बेलमोंदोच्या ओठांवरून फिरणाऱ्या अंगठ्याचा अमेरिकी नट हम्फ्री बोगार्टशी काय संबंध तेही सांगितलेले असते. जीन सीबर्गच्या वाट्याला एखादेच वाक्य येते: आखूड केसांची अमेरिकी अभिनेत्री, 'न्यूयॉर्क हेराल्ड ट्रिब्यून'चा टी-शर्ट, आणि पुढे दुर्दैवी अंत. यातला शेवटचा शब्द मला सर्वांत जास्त खटकतो, कारण तिच्या आयुष्याची जी वाताहत झाली तिच्यातला मोठा भाग एका सरकारी कार्यालयात टंकलिखित झालेला आहे, त्यावर तारखा आहेत, आणि ते कागद आज कोणालाही वाचता येतात. दैवाकडे बोट दाखवण्याची गरज तिथे फारशी उरत नाही.

माझी विनंती दुहेरी आहे. सीबर्गला अभिनेत्री म्हणून दाखवा, म्हणजे तिचे एकापेक्षा अधिक चित्रपट दाखवा; आणि तिच्यावर काय गुदरले ते सांगायचेच असेल, तर कागदांवर जेवढे आहे तेवढे नेमके सांगा. या दोन गोष्टी मी एकाच पत्रात लिहितो आहे, कारण एक केल्याशिवाय दुसरी नीट होत नाही. काम न पाहता केवळ छळ सांगितला, तर ती फक्त दयेचा विषय होते. छळ वगळून केवळ काम दाखवले, तर १९७० नंतर अमेरिकेतल्या मोठ्या चित्रपटांतून ती दिसेनाशी का झाली याचे उत्तर प्रेक्षकाला मिळत नाही.

ज्या आखूड केसांवर आपण इतके बोलतो, ते केस गोदारने कापायला लावलेले नव्हते. जीनचा जन्म १३ नोव्हेंबर १९३८ रोजी आयोवा राज्यातल्या मार्शलटाऊन या गावात झाला. वडिलांचे औषधांचे दुकान होते, घर लुथरन पंथाचे आणि शिस्तीचे होते. चितेवर जाळल्या गेलेल्या फ्रेंच वीरांगना जोन ऑफ आर्कवरच्या, बर्नार्ड शॉच्या 'सेंट जोन' या नाटकावर चित्रपट काढण्यासाठी दिग्दर्शक ऑटो प्रेमिंजरने नव्या चेहऱ्याचा शोध जाहीर केला, तेव्हा सुमारे १८ हजार अर्ज आल्याचे सांगितले गेले आणि त्यातून या कोवळ्या, चित्रपटाचा काडीचाही अनुभव नसलेल्या मुलीची निवड झाली. जोनच्या भूमिकेसाठी तिचे केस कापले गेले. इंग्लंडमध्ये चित्रीकरण चालू असताना चितेच्या दृश्यात वायूच्या नळ्यांनी घात केला आणि ती प्रत्यक्ष भाजली. १९५७ साली चित्रपट आला आणि समीक्षकांनी तो, आणि त्याहून अधिक तिला, झोडपून काढले. चितेवर आपण दोनदा जळलो, एकदा चित्रपटात आणि एकदा समीक्षकांच्या हातून, असे ती पुढे म्हणत असे. मला तो चित्रपट फारसा आवडत नाही, पण तिच्या अभिनयाला तेव्हा जी विशेषणे बहाल झाली ती आज वाचवत नाहीत. शॉची लांबलचक वाक्ये, ग्रॅहॅम ग्रीनची पटकथा, सेटवर ओरडण्यासाठी ख्यात असलेला दिग्दर्शक आणि समोर रिचर्ड विडमार्क व जॉन गिलगुड यांच्यासारखे मुरलेले नट, अशा ठिकाणी गावातल्या शाळेच्या रंगमंचावरून आलेल्या मुलीला उभे करून तिच्याकडून परिपक्वतेची अपेक्षा करणे हा दोष कोणाचा, हा प्रश्न तेव्हा फार कमी जणांनी विचारला.

प्रेमिंजरनेच तिला १९५८ सालच्या 'बोंजूर त्रिस्तेस'मध्ये घेतले, आणि 'ब्रेथलेस'ला जाण्याचा रस्ता इथून निघतो. फ्रान्स्वाज सागाँच्या कादंबरीवरचा हा चित्रपट. वडिलांच्या लग्नाचा बेत मोडण्यासाठी डाव रचणारी, आणि त्या डावाने एका स्त्रीचा जीव गेल्यावर उरलेले आयुष्य कंटाळ्यात काढणारी सेसिल ही मुलगी तिने केली आहे. भूतकाळातला समुद्रकिनारा रंगीत आहे आणि वर्तमानातले पॅरिस कृष्णधवल आहे. शेवटी सेसिल आरशासमोर बसून चेहऱ्याला क्रीम चोळते आणि चोळता चोळता तिचे डोळे भरून येतात. चेहरा मात्र जवळजवळ हलत नाही. अमेरिकेत या चित्रपटाचीही उपेक्षा झाली, पण फ्रान्समध्ये तरुण समीक्षक फ्रान्स्वा त्रुफोने ती पडद्यावर असताना दुसरीकडे पाहताच येत नाही अशा आशयाचे लिहिले. 'ब्रेथलेस'मधली तिने केलेली पॅट्रिशिया ही सेसिलचीच पुढची अवस्था आहे, प्रेमिंजरच्या शेवटच्या दृश्यानंतर 'तीन वर्षांनी' अशी पाटी टाकून आपला चित्रपट सुरू करता आला असता, असे खुद्द गोदारने सांगितले आहे. म्हणजे आपण ज्या भूमिकेला फ्रेंच 'नव्या लाटे'ची (तरुण दिग्दर्शकांच्या चळवळीची) देणगी समजतो, ती भूमिका निम्मी आधीच घडलेली होती, आणि ती घडवण्यात त्या मुलीचा वाटा होता. हे एक वाक्य जरी परिचयपत्रकात आले, तरी चर्चेची दिशा बदलेल.

'ब्रेथलेस' १९५९च्या उन्हाळ्यात चित्रित झाला आणि मार्च १९६०मध्ये पॅरिसला प्रदर्शित झाला. चित्रीकरणाच्या वेळी ध्वनिमुद्रण होत नव्हते. गोदार कॅमेऱ्यामागून संवाद सांगत असे, नट ते म्हणत, आणि आवाज नंतर भरला गेला. या पद्धतीत पाठांतराला आणि पूर्वतयारीला जागाच नसते. प्रेमिंजरचे दोन्ही चित्रपट तोलूनमापून केलेल्या तालमींच्या शिस्तीत केलेल्या मुलीने हे कसे पेलले, ते हॉटेलच्या खोलीतल्या लांब प्रसंगात पाहावे. बेलमोंदो सतत काहीतरी करत असतो, ती मात्र ऐकत असते. आपण गरोदर असल्याचे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर काय उमटते हे ती ज्या तऱ्हेने तपासते, तिथे पॅट्रिशिया पुढे त्याला पकडून देण्यासाठी पोलिसांना फोन का करील याचे बीज आहे. तिचे अमेरिकी वळणाचे फ्रेंच हा दोष न राहता त्या पात्राचा एकटेपणा होतो. जंप कट शिकवताना एकदा आवाज बंद करून फक्त तिच्याकडे पाहण्याचा प्रयोग शिबिरात करून पाहावा, अशी माझी सूचना आहे.

आता 'लिलिथ'. १९६४ सालचा हा चित्रपट आपल्याकडे क्वचितच दाखवला जातो, आणि माझ्या मते तिचे सर्वांत मोठे काम इथे आहे. मेरीलँडमधल्या एका खासगी मनोरुग्णालयात कोरियाच्या युद्धातून परतलेला एक तरुण (वॉरन बेटी) उपचार-साहाय्यक म्हणून लागतो आणि लिलिथ नावाच्या रुग्णाच्या इतका आहारी जातो, की कोण कोणावर उपचार करते आहे तेच कळेनासे होते. वेडेपणा दाखवायचा म्हणजे डोळे फिरवायचे आणि केस विस्कटायचे, हा जो सोपा मार्ग त्या काळच्या पडद्यावर रुळला होता, त्याच्याकडे सीबर्ग फिरकतसुद्धा नाही. तिची लिलिथ बहुतेक वेळ हसतमुख, हुशार आणि समोरच्याच्या दुबळेपणाचा अचूक ठाव घेणारी आहे. भीती वाटते ती तिच्या प्रसन्नतेची. पाण्यात स्वतःच्या प्रतिबिंबाचे चुंबन घेताना तिच्या चेहऱ्यावर जे कुतूहल आहे, त्याला वेड म्हणावे की स्वातंत्र्य, हे चित्रपट अखेरपर्यंत ठरवू देत नाही. यूजेन शुफ्टानचे कृष्णधवल छायाचित्रण या अनिश्चिततेला साजेसे आहे. या भूमिकेसाठी तिला गोल्डन ग्लोबचे नामांकन मिळाले, पण चित्रपट चालला नाही. दिग्दर्शक रॉबर्ट रॉसनचा हा शेवटचा चित्रपट. हे तेच रॉसन, ज्यांना आधी हॉलिवूडने कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून काळ्या यादीत टाकले आणि ज्यांनी नंतर १९५३मध्ये अमेरिकी संसदेच्या (काँग्रेसच्या) समितीपुढे आपल्या जुन्या सहकाऱ्यांची नावे सांगितली. सरकारी यंत्रणा माणसाचे काय करू शकते, हे अंगावर झेललेल्या दिग्दर्शकाच्या हाताखाली सीबर्गने आपले सर्वोत्तम काम केले आणि काही वर्षांतच तिचे स्वतःचे नाव अशाच यंत्रणेच्या फायलीत गेले.

त्यानंतरच्या हॉलिवूडमधल्या कामाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. १९६९चा 'पेंट युवर वॅगन' ही प्रचंड खर्चाची संगीतिका आणि १९७०चा 'एअरपोर्ट' हा तुफान चाललेला चित्रपट, या दोन्हींमध्ये ती आहे, नीटनेटकी आहे, आणि तिच्या जागी दुसरी कोणी असती तरी फारसे बिघडले नसते. पण फायलीच्या संदर्भात या चित्रपटांना महत्त्व आहे, कारण त्या काळात ती पुन्हा अमेरिकेत काम करत होती, तिच्याकडे पैसा होता, आणि तो ती कुठे देते यावर लक्ष ठेवले जात होते.

किशोरवयातच तिने कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या एनएएसीपी या जुन्या संघटनेचे सभासदत्व घेतले होते. औषधवाल्याच्या मुलीने असे करणे गावात चर्चेचा विषय झाले. पुढे मार्शलटाऊनजवळच्या मेस्क्वाकी आदिवासींना तिने मदत केली, आणि साठच्या दशकाच्या अखेरीस ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या जहाल पक्षाला देणग्या दिल्या. एफबीआय या अमेरिकी केंद्रीय तपासयंत्रणेच्या हिशेबाने ही रक्कम साधारण साडेदहा हजार डॉलर होती. त्या वेळी एफबीआय 'कॉइन्टेलप्रो' या नावाने एक गुप्त मोहीम चालवत होती. सरकारला नकोशा वाटणाऱ्या संघटनांमध्ये फूट पाडणे, त्यांच्या समर्थकांची बदनामी करणे, खोटी पत्रे पाठवणे ही तिची साधने होती. पँथरांचे फोन ऐकताना जीन गरोदर असल्याचे अधिकाऱ्यांना कळले. २७ एप्रिल १९७० रोजी लॉस एंजेलिस कार्यालयाने मुख्यालयाला प्रस्ताव पाठवला, की पोटातले मूल पँथर पक्षाच्या एका नेत्याचे आहे अशी बातमी हॉलिवूडच्या गप्पाटप्पा छापणाऱ्या स्तंभलेखकांपर्यंत बनावट पत्राने पोचवावी, म्हणजे तिची फजिती होईल आणि लोकांच्या मनातली तिची प्रतिमा हलकी होईल. मे महिन्याच्या सुरुवातीला एफबीआयचे संचालक एडगर हूवर यांच्या मुख्यालयाचे उत्तर गेले: पक्षाला पैसा पुरवणाऱ्या या बाईला निष्प्रभ केले पाहिजे, मात्र गरोदरपण सर्वांच्या नजरेत येईपर्यंत आणखी दोनेक महिने थांबणे बरे. कारकुनी भाषेत लिहिलेला हा मजकूर आहे. रजेचा अर्ज मंजूर करावा तशा स्वरात एका बाईची अब्रू केव्हा काढायची हे ठरते.

इथे मला आपल्याकडच्या वक्त्यांना जपून बोलण्याची विनंती करायची आहे. 'लॉस एंजेलिस टाइम्स'मध्ये जॉइस हेबर यांचा स्तंभ १९ मे १९७० रोजी, म्हणजे मुख्यालयाने थांबा म्हटल्यानंतर दोनच आठवड्यांत, छापून आला. त्यात तिचे नाव नव्हते, 'मिस ए' एवढेच होते, पण खुणा इतक्या ढोबळ होत्या की चित्रपटव्यवसायातल्या कोणालाही ती ओळखू यावी. ही माहिती आपल्याला वृत्तपत्रातल्याच एका संपादकाकडून मिळाली, असे हेबर यांनी नंतर सांगितले. म्हणजे अफवा पसरवण्याचा बेत आणि त्याला मिळालेली मंजुरी कागदावर आहे. अफवा छापली गेली तेही कागदावर आहे. या दोहोंमधला एकेक हात मात्र कागदावर नाही. 'एफबीआयने तिला मारले' हे वाक्य सभागृहात टाळी घेते, पण त्याने खऱ्या पुराव्याचे वजन कमी होते, आणि ज्या वृत्तपत्रांनी शहानिशा न करता ती बातमी छापली ती अलगद सुटतात. ऑगस्टमध्ये 'न्यूजवीक'ने तर तिचे नाव घालूनच तो मजकूर छापला. २३ ऑगस्टला जिनिव्हात तिला दिवस पुरे होण्याआधीच मुलगी झाली आणि दोन दिवसांत ती बाळी गेली. जीनने अंत्यविधी मार्शलटाऊनला केला आणि शवपेटी उघडी ठेवली, जेणेकरून बाळाच्या कांतीचा रंग गावाने आणि पत्रकारांनी डोळ्यांनी पाहावा. तिने आणि तिचे तेव्हा विभक्त झालेले पती, कादंबरीकार रोमाँ गारी, यांनी 'न्यूजवीक'वर खटला भरला. पॅरिसच्या न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल देऊन नुकसानभरपाई दिली, सुमारे १०,८०० डॉलर. ते मूल गारींचेही नव्हते, हे जीनने पुढे मान्य केले. मी हे इथे लिहितो आहे, कारण चर्चेत कोणीतरी ते काढतोच, आणि त्याने काय सिद्ध होते असे त्याला वाटते ते मला आजवर कळलेले नाही. मुलाचा बाप कोण याच्याशी सरकारचा संबंध काय होता, एवढाच प्रश्न तिथे शिल्लक राहतो.

त्यानंतरची नऊ वर्षे ती मुख्यतः युरोपात होती. या काळाबद्दल लिहिताना औषधे, दारू, खचलेले मन, आणि दर वर्षी ऑगस्टच्या अखेरीस येणारी उमळ एवढेच लिहिले जाते. ते सारे खरे आहे. पण याच काळात तिने १९७४ साली स्वतः एक लघुपट दिग्दर्शित केला, त्याच वर्षी फ्रेंच दिग्दर्शक फिलिप गारेलच्या 'ले ओत सॉलित्यूद' या संपूर्ण मूक, कृष्णधवल चित्रपटात काम केले, आणि १९७६मध्ये इब्सेनच्या 'वाइल्ड डक'वरच्या जर्मन चित्रपटात भूमिका केली. गारेलच्या चित्रपटात कथा नाही, संवाद नाहीत, पार्श्वसंगीत नाही. बराच वेळ केवळ तिचा चेहरा आहे. पस्तिशीतली ही बाई कॅमेऱ्याला काय देते आणि काय राखून ठेवते, ते पाहिल्यावर तिला कोणी 'ब्रेथलेसची मुलगी' म्हणणार नाही.

३० ऑगस्ट १९७९ला ती पॅरिसच्या घरातून नाहीशी झाली आणि ८ सप्टेंबरला घराजवळच उभ्या असलेल्या तिच्या मोटारीत मृतावस्थेत सापडली. तिचे वय ४० होते. पोलिसांनी ही बहुधा आत्महत्या असल्याचे म्हटले. मुलासाठी लिहिलेली चिठ्ठी सापडली होती. गारींनी पत्रकारांपुढे एफबीआयचे नाव घेतले, आणि १४ सप्टेंबरला एफबीआयने १९७०चा तो बेत अधिकृतपणे मान्य केला. नको असलेल्या मतांच्या लोकांविरुद्ध बदनामीचे हत्यार वापरण्याचे दिवस आता संपले आहेत, असे तेव्हाचे संचालक विल्यम वेबस्टर यांनी सांगितले. कबुली अंत्यविधीच्या दिवशी आली. नऊ वर्षांपूर्वी आली असती तर कोणाच्या तरी उपयोगी पडली असती.

कार्यक्रमाविषयी नेमके सांगायचे, तर चार खेळ पुरेत: 'बोंजूर त्रिस्तेस', मग 'ब्रेथलेस', मग 'लिलिथ', आणि शेवटी मार्क रॅपापोर्टचा १९९५चा 'फ्रॉम द जर्नल्स ऑफ जीन सीबर्ग'. या शेवटच्या चित्रपटात मेरी बेथ हर्ट ही अभिनेत्री, जणू सीबर्ग जिवंत आहे अशा थाटात, स्वतःच्या कारकिर्दीवर बोलते. हर्ट स्वतः मार्शलटाऊनची, आणि लहानपणी जीनने तिला सांभाळलेले आहे. बोलणे काल्पनिक असले तरी ते चित्रपटांच्या प्रत्यक्ष तुकड्यांवर आधारलेले आहे आणि तसे ते उघड सांगते. २०१९चा क्रिस्टन स्ट्यूअर्टचा 'सीबर्ग' मात्र चरित्र म्हणून दाखवू नये. स्ट्यूअर्टचे काम चांगले आहे, पण त्या चित्रपटाला पाळत ठेवणाऱ्या एका हळव्या, मनाला टोचणी लागलेल्या कल्पित हस्तकाची गोष्ट सांगण्यात तितकाच रस आहे. तो दाखवायचाच असेल, तर मालिकेबाहेर दाखवावा.

गारेलचा चित्रपट मी या चारांत घातला नाही, कारण पहिल्यांदा येणाऱ्या प्रेक्षकाला मूक चित्रपटाचा तो सगळा वेळ जड जाईल. शिबिरातल्या विद्यार्थ्यांसाठी मात्र तो स्वतंत्रपणे जरूर ठेवावा. 'लिलिथ'ची लांबी दोन तासांना जरा कमी आहे. त्या संध्याकाळी दुसरा खेळ लावू नये आणि चर्चेला तासभर मोकळा ठेवावा. त्या खेळाचे परिचयपत्रक लिहून देण्याची माझी तयारी आहे, मानधनाशिवाय. अट एकच, की त्यात टी-शर्टचा उल्लेख नसेल.

आपला,
फिल्म सोसायटीचा एक जुना सभासद